कुणाची आच

नालियाकाने तिसरी काडी ओढून शेगडीच्या तोंडाशी धरली. फुस्स झालं, बोटभर निळी ज्योत उठली, पिवळी पडली आणि विझली. मागे वास तेवढा उरला, सडक्या अंड्यासारखा. तिने खांद्यावरचं फडकं नाकाशी दाबलं. पाठीला बांधलेली लेक नाफुला शिंकली आणि रडायला लागली. पातेल्यातलं पाणी अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं, आणि परातीत मक्याचं पीठ तसंच पडून होतं.

"गेली का?" दारात बसून चवळीचा पाला निवडणाऱ्या सासूने मान वर न करता विचारलं.

"गेली, आई."

"जाईल नाही तर काय! पोटात काही पडलं तर जळेल ना बापडी." सासूने एक किडकं पान बाहेर भिरकावलं. "या घरात हल्ली कुणी नीट जेवतच नाही. ना ती गॅसची टाकी, ना तुझा सासरा."

 अंगणाच्या पलीकडे, जांभळाखाली, म्हातारा वांडेरा आपली वेगळी चूल मांडून बसला होता. तीन दगड, त्यांत दाणे काढलेली मक्याची कणसं, आणि राखेत खुपसलेली दोन रताळी. महिना होत आला, म्हाताऱ्याने सुनेच्या हातचा घास घेतला नव्हता. मक्याच्या पिठाची घोटलेली उगाली नाही, भाजी नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. सासऱ्याने सुनेच्या ताटाकडे पाठ फिरवली, ही गोष्ट सामिया जमातीच्या गावात झाकून राहत नाही. ओढ्यावर बायका कुजबुजायला लागल्या होत्या. अजून थोडे दिवस असंच चाललं की भाऊबंद जमणार, विचारणा होणार, आणि मग तिच्या माहेरी निरोप जाणार, या आणि तुमची मुलगी घेऊन जा. तिच्या एका चुलत जावेला असंच घालवलं होतं, ते तर याहून किरकोळ कारणावरून.

इथलं कारण नालियाकाला पक्कं ठाऊक होतं. ते तोंडातून काढायची सोय नव्हती, एवढंच.

सगळं सुरू झालं ते टेकडीपासून. तिथे आधी झुडपी रान होतं आणि गावातल्या बायका तिथूनच जळण आणत. कंपनी आली, तिने रान उपटून निलगिरी लावली, भोवती काटेरी तार ओढली आणि तारेवर लाकडी पाटी ठोकली. पाटीवर एक हिरवं पान आणि खाली अक्षरं: 'हे जंगल जगासाठी श्वास घेत आहे.' आत पाऊल टाकलं की राखणदार कोयता हिसकावून घेई. गावात जळणाची बोंब झाली. मग त्याच कंपनीचा ओकुमू मोटारसायकल उडवत आला आणि म्हणाला, जळण हवंय कशाला, आम्ही गोबरगॅस बांधून देतो, फुकट. आवळा देऊन कोहळा काढायची ही रीत जुनीच, पण आवळा दिसायला फार गोड होता. नालियाकाला तर तो हवाच होता. धुराने तिचे डोळे कायम लाल असत आणि नाफुला रात्र रात्र खोकत असे. शेगडी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी ती चक्क रडली. धूर नसताना डोळ्यांत पाणी यायची ती पहिलीच वेळ.

मोळी गेली आणि पाण्याच्या बादल्या आल्या, कारण टाकीत जेवढं शेण घालायचं तेवढंच पाणी लागे. टाकीबाहेर रबडी साचे आणि तिच्यावर माश्यांचं मोहोळ उठे. तेही तिने सोसलं असतं. पण गोठ्यातल्या तीन गायींपैकी दोन लाळ्या-खुरकतीने गेल्या, आणि एका गायीच्या शेणावर टाकीचं भागेना. तेव्हा ओकुमूने शक्कल काढली. घरात संडास दोन, एक म्हातारा-म्हातारीचा आणि एक सुनेचा. दोन्हींच्या नळ्या टाकीला जोडायच्या.

ओकुमू पलीकडच्याच टेकाडावरचा, सामियाच. सासऱ्याच्या हाताला सून हात लावत नाही, त्याच्या खुर्चीवर टेकत नाही, त्याच्या न्हाणीकडे फिरकत नाही. आणि सासऱ्याचं नि सुनेचं एका खड्ड्यात पडणं म्हणजे तर घरावर संकट ओढवून घेणं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच तो म्हाताऱ्याला हळूच म्हणाला होता, "टाकीत मध्ये भिंत आहे, बाबा. तुमचं तुमच्या बाजूला, तिचं तिच्या बाजूला." म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. नालियाकाचा नवरा एगेसा नैरोबीत राखणदारी करतो. त्याने फोनवरूनच होकार देऊन टाकला.

पण टाकी बांधताना गवंड्यांना पाणी देत होती ती नालियाकाच. आत भिंत नव्हती. एकच गोल पोट होतं, रांजणासारखं. नळ्या जोडतानाच तिने ते सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर सासऱ्यापुढे संडासाचा विषय काढायला हवा, आणि काढला असता तर निळी ज्योत गेली असती. तिने जीभ चावली आणि गप्प बसली.

त्या दिवसापासून शेगडीपुढे बसलं की तिला शिसारी यायची. ज्या माणसाच्या बिछान्याकडे नजर टाकायची नाही, त्याच्या पोटातल्या घाणीवर त्याचंच जेवण रांधायचं!  निदान आपलं तरी त्यात मिसळू नये, एवढंच तिच्या हातात होतं. म्हणून नळ्या जोडल्या त्या दिवसापासून ती आपल्या संडासात गेलीच नव्हती. झुंजुमुंजू होताच उठून ती चर्चच्या संडासापर्यंत चालत जाई, आणि सासूला सांगे, प्रार्थनेला जाते. म्हाताऱ्याला टाकीतली गोष्ट कुठून तरी कळली असणार, आपल्या हाताची त्याला किळस आली असणार, याबद्दल तिला शंका राहिली नव्हती. तिला स्वतःलाच येत होती.

दुपारी ओकुमू आला. आल्या आल्या त्याने टाकीचं झाकण सरकवलं, काठीने आत ढवळलं, काठी नाकाशी नेऊन हुंगली. मग हात विजारीला पुसून त्याच हाताने खिशातले शेंगदाणे काढून तोंडात टाकले. नालियाकाने तोंड फिरवलं.

"उद्या परदेशचे पाहुणे येणार, आणि तुमची टाकी मेलेली?"

"मेली नाही, उपाशी आहे," सासू म्हणाली.

"उपाशी कशी? गाय आहे, तीन मोठी माणसं आहेत. हिशोबाने दोन वेळचा स्वयंपाक व्हायला हवा." तो नालियाकाकडे वळला. "तू जातेस ना गं रोज?"

नालियाकाचे कान तापले. इथे सासू, तिथे हाकेच्या अंतरावर सासरा, आणि हा परका पुरुष भर अंगणात हे विचारतोय. तिला वाटलं, हातातलं पातेलं त्याच्या टाळक्यात घालावं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" सासू उसळली. "आपल्या आईला विचारतोस का रे असं?"

"माझी आई योजनेत नाही."

"का नाही? तुझ्या घरी का नाही बांधली टाकी?"

ओकुमूने दाणे चावले. "आमच्याकडे सिलिंडर आहे."

"अस्सं!"

"तुम्हाला यातलं कळत नाही, आई. ही शेगडी पेटते म्हणून तिकडे थंडीच्या देशात एक कारखाना चालतो. तो धूर सोडतो, तुम्ही धूर वाचवता. याच्यातून ते वजा. जगाची हवा राखली जाते."

सासूने पाला बाजूला ठेवला. "म्हणजे तो धूर सोडतच राहणार?"

"सोडणार. पण इथे भरपाई करून."

"आमच्या घाणीनं?"

"तसंच म्हणा."

"मग त्या कारखानदाराला सांग, एकदा इकडे येऊन बसून जा म्हणावं. खाल्लंप्यालेलं शरीर असेल, टाकी भरून जाईल."

जांभळाखालून खोकल्याचा आवाज आला. खोकला होता की आणखी काही, ते नालियाकाला कळलं नाही. ओकुमूला मात्र हसू आलं नाही.

"उद्या ज्योत दिसली नाही तर शेगडी उचलून नेतील," तो म्हणाला. "आणि टेकडीची तार काही कुणी उघडणार नाही. मग बसा दात कोरत." त्याने पिशवीतून एक पांढरा ॲप्रन काढून नालियाकापुढे टाकला. छातीवर तेच हिरवं पान. "हा घालून उभी राहा. ज्योतीचं मी बघतो."

ज्योतीचं त्याने बघितलं ते असं. सकाळी पाहुण्यांच्या आधी तो रिक्षातून आला. मक्याच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकलेला सिलिंडर त्याने स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी उतरवला, भिंतीतल्या भोकातून नळी आत घेतली आणि टाकीची नळी काढून ती शेगडीला जोडली. वर पुन्हा पोती टाकली, पोत्यांवर एक मोडकी टोपली. येताना एक कोंबडीही आणली होती, कापून, साफ करून.

"हे काय आहे?" नालियाकाने विचारलं.

"तुझं सौभाग्य. पेटव."

वीतभर ज्योत उठली. निळीशार, एकसारखी, न हलणारी. तिला वास नव्हता. नालियाका तिच्याकडे बघत राहिली. या असल्या ज्योतीसाठी आपण महिनाभर तोंड दाबून बसलो, सासऱ्याला उपाशी ठेवलं, आणि ती निघाली पोत्याखालची. म्हातारा जांभळाखालून सगळं बघत होता. ओकुमूने त्याच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, जसं काही म्हातारा शाळेतलं पोर आहे.

पाहुणे आले ते दोघे, एक पिवळ्या केसांची बाई आणि एक कॅमेरावाला. बाईने रुमाल नाकाशी धरला होता; तिच्या रुमालाचा फुलांचा वास टाकीच्या वासात मिसळून काहीतरी तिसरंच होत होतं. रुमालाआडूनच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, किती सुंदर, किती सुंदर. तिने ज्योत बघितली आणि खरोखर टाळ्या वाजवल्या. कुंपणापाशी जमलेल्या शेजारच्या बायकाही मग हसून टाळ्या वाजवू लागल्या. नालियाका ॲप्रन घालून उभी होती. कॅमेरावाला हातानेच तिला सांगत होता, थोडी डावीकडे, हास, पातेल्यात बघ, आता वर बघ.

कोंबडी शिजली, उगाली वळली. बाईचं लक्ष जांभळाखाली गेलं.

"ते आजोबा?" ओकुमूने तिचं बोलणं मोठ्याने सांगितलं. "बाई म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्यानं या स्वच्छ आचेवरचा पहिला घास घ्यावा. त्यांना तो फोटो हवा आहे."

नालियाका ताट घेऊन निघाली. रिवाजाप्रमाणे चार पावलं अलीकडे ती गुडघे टेकून बसली आणि ताट जमिनीवर ठेवलं. ओकुमू ते उचलून म्हाताऱ्यापुढे घेऊन गेला.

"बाबा, एक घास. फोटोपुरता."

"नको."

"बाबा!" ओकुमू खाली वाकला आणि पुटपुटायला लागला, पण नालियाकाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "आज टाकीचा गॅस नाही. तुम्ही बघितलंत ना सिलिंडर? त्यात कुणाचंच काही नाही. अगदी स्वच्छ आहे."

"पोत्याखाली लपवलेला विस्तव, आणि स्वच्छ?"

"हळू बोला."

"आणि उद्या? उद्या कुणाची आच?" म्हाताऱ्याने राखेतलं रताळं काढलं, फुंकर मारली आणि साल सोलायला लागला.

"काय म्हणतात?" बाईने विचारलं असावं, कारण ओकुमू हसत हसत वळला.

"म्हणतात, आधी पाहुण्यांनी जेवावं. आमच्याकडची रीतच आहे तशी."

बाईने रुमाल हृदयाशी नेला. कुंपणापाशी मात्र सगळ्याजणींना म्हाताऱ्याची भाषा येत होती. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. नालियाका गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. इतके दिवस जे ओढ्यावर कुजबुजत होतं ते आज भर उजेडात, कॅमेऱ्यापुढे झालं होतं. तिला सगळ्यांचा वीट आला. त्या सुगंधी रुमालाचा, ओकुमूच्या दातांत अडकलेल्या दाण्यांचा, रताळ्याची साल इतक्या शांतपणे सोलणाऱ्या म्हाताऱ्याचा, आणि छातीवर हिरवं पान लावून बसलेल्या स्वतःचा. शिवाय एक गोष्ट तिला स्वच्छ कळली. टाकीत भिंत नाही हे म्हाताऱ्याला ठाऊक होतंच.  आणि महिनाभर त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आता ते दाखवतो जिथून या सगळ्याची सुरुवात होते," म्हणत ओकुमू पाहुण्यांना घेऊन स्वयंपाकघरामागे निघाला. सुनेचा संडास तिथेच होता, टाकीच्या जवळ. कॅमेरावाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. ओकुमूने दाराला हात घातला. दार अडकलं होतं. त्याने जोराने ओढलं, आणि उघडल्यासरशी ऐटीत आत पाऊल टाकलं.

तो तसाच ओरडत मागे आला. तोंडावर, केसांत, मिशीत, चांगलं दाट जाळं चिकटलं होतं, आणि एक तपकिरी कोळी त्याच्या कॉलरवरून घाईघाईने खाली उतरत होता. दाराच्या चौकटीत जाळ्याच्या फाटक्या चिंध्या लोंबत होत्या. आतलं भांडं वाळून धुळीने पांढरं पडलं होतं.

बाई खो खो हसली. ओकुमू थुंकला, तोंड पुसलं आणि हसला. "बघा, कसा नव्यासारखा ठेवलाय!"

नालियाकाने खाली बघितलं. नाकारलेलं ताट सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता पहाटेच्या प्रार्थनेचं खोटंही; ती दोन्हीकडून उघडी पडली होती.  सासूच्या हातातला पाल्याचा मुटका तसाच थांबला होता. आणि जांभळाखाली म्हातारा उठून उभा राहिला होता. ज्या दिशेला सासरा कधी मान वळवत नाही त्या दिशेला, सुनेच्या संडासाच्या उघड्या दाराकडे, तो एकटक बघत होता. किती तरी वेळ. मग त्याने नजर खाली घेतली आणि पुन्हा बसला. रताळं मात्र त्याने परत हातात घेतलं नाही.

पाहुणे गेले. ओकुमूने पोती बाजूला केली, सिलिंडर रिक्षात घातला, उरलेली कोंबडी डब्यात भरून घेतली. "फोटो झकास आलेत," तो म्हणाला. "तुझा तर कुठल्या तरी मोठ्या भिंतीवर लागेल." जाताना टाकीची नळी त्याने पुन्हा शेगडीला जोडली, आणि तो जुना वास स्वयंपाकघरात परत आला.

ऊन कलल्यावर म्हातारा काठी टेकत गायीपाशी आला. गाय अंगणाच्या मधोमध बांधलेली होती, जांभळ आणि स्वयंपाकघर यांच्या बरोबर मध्ये. नालियाका दाराच्या आत बसून नाफुलाला भरवत होती. ती बाहेर आली नाही, पण हात थांबला. म्हाताऱ्याने गायीच्या मानेवर हात फिरवला आणि बोलायला लागला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण सुनेला बोलायचं तर लेकही नसलेल्या घरात माणूस दुसरं काय करणार?

"ऐकलंस का गं," तो गायीला म्हणाला, "ओकुमू मला म्हणाला, टाकीत भिंत आहे. मी काही आत उतरून बघितलं नाही. पण मी ओकुमूच्या बापाला ओळखत होतो."

गायीने कान हलवला.

"म्हणून मी आणि म्हातारी त्या संडासात गेलोच नाही. पहिल्या दिवसापासून नाही. आमच्याही दाराला कोळ्यानं जाळं केलंय, याच्याहून मोठं. आम्ही ओढ्याच्या बाजूनं तारेखालून शिरतो, त्यांच्या झाडांत. माझं जे काही असतं ते मी परस्पर त्यांच्या जंगलालाच देतो. घ्या म्हणावं श्वास."

पाल्याशी बसलेल्या सासूने तोंडाला पदरासारखं फडकं लावलं. तिचे खांदे हलत होते.

"मला वाटलं, दुसरं दार रोज उघडतंय. मग त्या आचेवरचं मी खाणार कसं? म्हणून रताळी खाल्ली. वर म्हातारीला म्हटलं, सून बघ किती देवभोळी, रोज पहाटे चर्चला जाते." तो थांबला. काठीने त्याने जमिनीवर उगाच एक रेघ ओढली. "माझं चुकलं. विचारायची सोय नव्हती, पण चुकलं. तू तेवढं लक्षात ठेव."

गाय रवंथ करत होती.

"म्हणजे बघ, महिनाभर या घराची चूल तुझ्या एकटीच्या जिवावर. आणि आम्ही आपले एकमेकांची घाण नाकात घेऊन बसलो होतो, जी कुणी घातलीच नव्हती."

दाराच्या आत नालियाकाने तोंडावर हात दाबून धरला. हसू येत होतं की हुंदका, तिचं तिलाच कळेना. बोटांवर उगालीचा कण चिकटला होता. नाफुलाने तो चाटून घेतला.

"ओढ्याची बाजू माझी," म्हातारा जायला निघता निघता म्हणाला. "चर्चच्या बाजूला, पाटीपाशी, तार सैल झालीय. तिथून राखणदाराला दिसत नाही. वाळक्या फांद्या ढीगभर पडल्यात. चर्चपर्यंत जायची कुणाला गरज नाही. मी त्या बाजूला फिरकत नाही, हे तुला माहीतच आहे."

तो गेला, जांभळाखाली बसला आणि पाठ करून राहिला. नालियाकाने ॲप्रन काढून खुंटीला टांगला, मग काय वाटलं कोण जाणे, खुंटीवरून काढून त्या कापडानेच शेगडी पुसली. नाफुलाला सासूच्या मांडीवर दिलं. कोयता आणि दोर घेतला.

"जाऊन येते, आई."

"प्रार्थनेला?" सासूने विचारलं.

"हो. लवकर येते."

तार खरंच सैल होती. ती वाकून आत शिरली. निलगिरीखाली गवताचं पातं नव्हतं, पक्षी नव्हते, सरळ रांगांमध्ये सालीच्या चिंध्या पडल्या होत्या. ओढ्याकडे जाणारी एक पायवाट दूरवर पुसटशी दिसत होती. तिकडे तिने दुसऱ्यांदा बघितलं नाही. मोळी बांधून होत आली तेव्हा तिचं लक्ष पाटीकडे गेलं. एक खिळा निघाला होता आणि पाटी दुसऱ्यावर लोंबकळत होती. उन्हात चांगली तडकलेली, वाळलेली फळी. तिने इकडे तिकडे बघितलं, कोयत्याचा मागचा भाग घालून दुसरा खिळाही काढला आणि पाटी मोळीत सारली, पान आतल्या बाजूला करून.

स्वयंपाकघराच्या आत नको, म्हणून तिने बाहेर अंगणात तीन दगड मांडले. धूर झाला. डोळे झोंबले, नाकातून पाणी यायला लागलं, आणि नाफुला सासूच्या मांडीवर खोकली तेव्हा सासू तिला घेऊन वाऱ्याच्या पलीकडे जाऊन बसली. हिरवा रंग जळताना घाण वास सुटला, फुलांच्या रुमालाइतकाच घाण, आणि पान कडेने काळं होत आत दुमडलं गेलं.  पाणी उकळलं. नालियाकाने पीठ घातलं, दोन्ही हातांनी लाकडी पळी धरून घोटलं, घट्ट होईपर्यंत. चवळीचा पाला शिजवला, मूठभर वाळकी मासळी टाकली.

चार पावलं अलीकडे गुडघे टेकून तिने ताट ठेवलं आणि मागे सरली. सासूने ते उचलून नवऱ्यापुढे सरकवलं. कुंपणापाशी ओढ्यावरून परतणाऱ्या दोघी बायका डोक्यावर हंडे घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना घाई दिसत नव्हती.

म्हाताऱ्याने हात धुतले. उगालीचा गोळा मोडला, अंगठ्याने त्याला खळगा केला, भाजी उचलली आणि तोंडात घातली. सावकाश चावला. गिळला. नालियाका स्वयंपाकघराच्या दाराशी श्वास रोखून उभी होती.

"म्हातारे," तो बायकोला म्हणाला, कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "भाजीत मीठ कमी आहे."

नालियाका वळली. मिठाचा डबा तिने मघाशी बंद शेगडीवर ठेवून दिला होता. तो घेऊन ती धावत बाहेर आली.